एक नळी, दोन औषधे आणि माझी नक्कल

माणसाच्या हृदयाशेजारी जन्मतः एक चिमुकली नळी उघडी असते आणि ती दोनतीन दिवसांत आपसूक मिटते, ही गोष्ट मला कोणत्याही शाळेने शिकवली नाही. शाळेचा आणि माझा संबंध आठवीतच संपला. ही गोष्ट मी ठाण्याच्या कचेरीबाहेर शिरीषाच्या झाडाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिता लिहिता शिकलो. ती शिकताना माझ्या हातून जे घडले, ते आज या अंकाच्या निमित्ताने प्रथमच लिहीत आहे.

आमच्या धंद्याविषयी लोकांचे गैरसमज फार. अर्जनवीस म्हणजे निरक्षरांचा लेखनिक, असे सुशिक्षित मंडळी समजतात. वस्तुतः लिहिता येणे आणि सरकारदरबारी म्हणणे मांडता येणे, या दोन निराळ्या विद्या आहेत. शहाडचा एक गृहस्थ माझ्याकडे असा अर्ज लिहवून घ्यायला आला होता, की घरामागून वाहणाऱ्या उल्हास नदीचा आवाज पाटबंधारे खात्याने कमी करावा. मी त्याला हसलो नाही. ‘कारणे विनंती अर्ज ऐसाजे’ अशी सुरुवात करून दीड पान लिहिले, आणि वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, “आता झोप लागेल.” खात्याने काय केले ते ठाऊक नाही. परंतु आपले दुःख नीट मांडले गेले, एवढ्यानेच माणसाचा निम्मा भार उतरतो, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे.

या कामात नकलेला फार महत्त्व. मंजूर झालेल्या प्रत्येक अर्जाची एक प्रत मी पत्र्याच्या ट्रंकेत विषयवार ठेवतो. तसेच प्रकरण पुन्हा आले, की ती नक्कल पुढ्यात घ्यायची, नावगाव बदलायचे आणि चाललेल्या वाटेने अर्ज पुढे धाडायचा. नकलेइतकीच महत्त्वाची दुसरी रीत म्हणजे वाचून दाखवणे. अर्जदाराला सही येत नसेल तर अंगठा घेण्यापूर्वी सर्व मजकूर मोठ्याने वाचायचा आणि खाली लिहायचे : ‘अर्जदारास वाचून दाखविले, मजकूर बरोबर असल्याचे त्यांनी सांगितले.’ हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. त्यातले एक खोटे होते.

ऐंशीचे दशक सरत आले होते. एका सकाळी डोंबिवलीचे लेले नावाचे गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेने, बँकेत नोकरी. असा माणूस माझ्याकडे सहसा येत नाही.

“मी ऑफिसात रोज वीस-पंचवीस पत्रं ड्राफ्ट करतो,” ते म्हणाले. “पण हे एक होत नाहीये. ‘माझे बाळ’ इथवर येतो आणि हात थांबतो.”

“तर मग आपण बोला, लिहिणे माझे,” मी म्हणालो.

त्यांचे बाळ दोन महिने आधी जन्मले होते. ते एका पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून मला समजावू लागले, आणि त्या चित्रात मी हरवूनच गेलो. आईच्या पोटात बाळाची फुफ्फुसे स्वस्थ असतात, त्यांना काम नसते. म्हणून हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक आडवाट निसर्गाने ठेवलेली असते. रक्त फुफ्फुसांना वळसा घालून त्या वाटेने जाते. मूल जन्मते, पहिला श्वास घेते आणि ती वाट मिटू लागते. फार लवकर जन्मलेल्या बाळात मात्र ती कधी कधी मिटतच नाही. रक्त उलटे फुफ्फुसांत शिरत राहते आणि बाळ दमते. तिला मिटवणारे औषध आहे. सांधेदुखीवर मोठ्यांना जे देतात त्यातलेच ते, इंडोमेथॅसिन नावाचे. पण डॉक्टरांना ते सुईवाटे द्यायचे होते, आणि तसे इथे मिळत नव्हते. मुंबईतल्या एका धर्मादाय संस्थेकडे परदेशातून आलेला साठा असे. तिला मराठीतून रीतसर अर्ज आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागे.

त्या सकाळी मी जो अर्ज लिहिला तो माझ्या उत्तम अर्जांपैकी एक, असे आजही म्हणेन. ‘सदर बालकाच्या हृदयानजीकची नलिका निसर्गनियमानुसार मिटावयास हवी होती ती अद्याप मिटलेली नसून, ती त्वरित बंद होणे अत्यावश्यक आहे,’ हे त्यातले मुख्य वाक्य. औषध त्याच दिवशी मिळाले. आठवड्याने लेले मला बाळ दाखवायला रुग्णालयात घेऊन गेले.

त्या खोलीत वेळ निराळ्या गतीने चालत होता. काचेच्या पेट्यांवर पिवळसर दिवे होते, परिचारिका पाण्याखाली चालावे तशा हळू चालत होत्या आणि पेटीत तळहाताएवढे मूल झोपेतल्या झोपेत ओठ हलवत होते. “मिटली,” लेले पुटपुटले. दुपारी टेबलाशी परतल्यावर मी छातीवर हात ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिलो. माझ्याही आत कधीतरी अशी वाट होती. ती कोणत्या घटकेला मिटली असेल, तेव्हा आई काय करत असेल, अशा विचारांत समोरची माणसे ताटकळत असल्याचेही मला भान नव्हते. त्या अर्जाची नक्कल मी ट्रंकेत सर्वांत वर ठेवली.

मध्ये काही वर्षे गेली. नव्वदीचे दशक लागले होते. एका सकाळी, टेबलावरची धूळ झटकत असतानाच, कोलशेतची एक कोळीण समोर येऊन उभी राहिली. तिचे नाव चांगुणाबाई. मागे तिचा मुलगा काशिनाथ होता.

“अर्ज लिवतो तो तूच ना?” तिने विचारले.

मला अरेतुरे करणारी माणसे कचेरीच्या आवारात फारशी नव्हती. “बसा,” मी म्हणालो.

“बसायला येल नाय. नात झालीय परवा. काचेच्या पेटीत घातलीय तिला, निली पडलीय.”

तिने पदराची गाठ सोडून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. चिठ्ठी ओलीचिंब होती, शाई पसरून कागदावर निळे ढग झाले होते.

“मासलीचं पानी लागलं,” काशिनाथ म्हणाला. “आये, तुला बोललेलो ना, मना दे ती.”

“तुज्या खिशाला भोक हाय,” ती म्हणाली.

चिठ्ठीत औषधाचे नाव उरले नव्हते. उरला होता एक इंग्रजी शब्द आणि खाली सही. मला इंग्रजी वाचता येते असे नाही, परंतु काही शब्दांचे चेहरे मी ओळखतो. हा चेहरा लेल्यांच्या चिठ्ठीतला होता, त्या नळीचा.

“काळजाजवळच्या नळीचं आहे ना?” मी विचारले.

चांगुणाबाई थक्क झाली. “तुला रे कसं ठावं?”

या प्रश्नाने मी सुखावलो, हे मान्य केले पाहिजे. मी तिला चार शब्द अधिक विचारायला हवे होते, किंवा काशिनाथला रुग्णालयात परत पाठवून नवी चिठ्ठी आणवायला हवी होती. रुग्णालय काही कोसावर नव्हते. मी ट्रंक उघडली. लेल्यांची नक्कल काढली, नावगाव बदलले, आणि पाव तासात माझ्या वळणदार अक्षरात अर्ज तयार झाला. मग रिवाजाप्रमाणे वाचू लागलो. ‘नलिका त्वरित बंद होणे अत्यावश्यक’ येथे चांगुणाबाईने हात वर केला.

“बंद? बाईडॉक्टर तं उघडी ठेवायची बोलली.”

“आई, तसं नसतं. उघडी राहते हाच तर या नळीचा रोग.”

“नाय रे भाऊ. मिठागराची उघाडी असते ना, तशी समजव म्हनून मीच बोलली तिला. तवा ती बोलली, ही उघाडी बंद झाली का पोर गेली.”

खाडीचे पाणी मिठागरात घ्यायचे किंवा अडवायचे, त्यासाठी बांधात जे लाकडी दार बसवतात त्याला उघाडी म्हणतात. उपमा चोख होती, आज मला ती माझ्या दीड पानापेक्षा चोख वाटते. त्या दिवशी मी म्हणालो, “मिठागर वेगळं आणि काळीज वेगळं. असाच अर्ज मी पूर्वी दिलेला आहे आणि तो मंजूर झालेला आहे.”

“आये, त्यांना म्हाईत असंल,” काशिनाथ म्हणाला. “उशीर नको.”

तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. शाईच्या पेटीवर तो दाबून कागदावर उमटवला. मी खाली लिहिले, मजकूर बरोबर असल्याचे त्यांनी सांगितले.

दोघे मुंबईला गेली. दुपारी कचेरी सुस्तावली तशी मला टेबलावरच डुलकी लागली, आणि स्वप्नात मी कोलशेतच्या खाडीवर होतो. भरती चढत होती, अगदी निःशब्द. मी गुडघाभर चिखलात उभा राहून एक दार बसवत होतो आणि ते चौकटीत इतके नेमके बसले, की एक थेंबही आत येईना. आत सगळे कोरडे, पांढरे, शांत. जागा झालो तेव्हा मला फार समाधान वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मी टेबल मांडले तेव्हा चांगुणाबाई झाडाखाली आधीच बसलेली होती. मला वाटले, पेढे घेऊन आली. तिने माझ्यापुढे औषधाचा लहानसा खोका ठेवला.

“हे बंद करायचं हाय,” ती म्हणाली. “बाईडॉक्टर बोलली, हे दिलं असतं तं पोर रातीच संपली असती.”

मी खोका उलटापालटा केला. “संस्थेत चिठ्ठी पाहिली नाही का?”

“चिठ्ठी वाचता येत नव्हती. अर्जाचं अक्षर चांगलं, म्हनून त्यावरून दिलं. परत जावं तं तिकडं बंद झालेलं. रातभर नली मिटत चाललीय. ओठ जांभलासारखे झालेत.”

मग तिने मला सांगितले, आणि या वेळी मी ऐकले. या बाळाच्या हृदयातून फुफ्फुसांकडे जाणारा मूळचा रस्ताच जन्मतः बंद होता. फुफ्फुसांना जे काही रक्त मिळत होते ते त्या आडवाटेनेच. ती मिटली की संपले. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी पाच दिवसांनंतरची पाळी मिळाली होती. तोवर नळी उघडी ठेवणारे औषध, प्रोस्टाग्लॅन्डिन, थेंबाथेंबाने देत राहायचे होते. नळी तीच. एका बाळाला ती मिटल्याने जीवदान मिळते आणि दुसऱ्याला ती न मिटल्याने. माझ्या ट्रंकेत यातली एकच नक्कल होती.

“लिव,” चांगुणाबाई म्हणाली. “आता मी बोलते तसंच.”

मी कोरा कागद घेतला. तिने सांगितले आणि मी लिहिले : ‘माझ्या नातीच्या काळजाजवळची नळी उघडी ठेवायची आहे. बंद झाली तर ती मरेल. काल चुकीचे औषध नेले, ते परत आणले आहे. डॉक्टरची नवी चिठ्ठी सोबत आहे.’ विषय नाही, ऐसाजे नाही. नवी चिठ्ठी तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली होती. मी सारे वाचून दाखवले, तिने “बरोबर” म्हटल्यावरच खालची ओळ लिहिली, आणि कामाच्या दिवशी भर सकाळी टेबलाची घडी घालून तिच्याबरोबर मुंबईला निघालो.

संस्थेत औषधांच्या कपाटापाशी एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चिठ्ठी भिंगाखाली धरली, फोन लावून डॉक्टरबाईंकडून खात्री करून घेतली आणि मगच फ्रीज उघडला. आतून बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुप्या काढल्या.

“हे थंड राहायला हवं,” ते म्हणाले, “पण गोठता कामा नये. बर्फ थेट लागू द्यायचा नाही. तुम्ही कसं न्याल? असं करा, आधी—”

“बर्फाचं मना नको शिकवू, बाबा,” चांगुणाबाई म्हणाली.

तिने बरोबर आणलेली मासळीची पाटी उघडली. खाली गोणपाट, त्यावर भाताचा तूस, त्यात फोडलेला बर्फ. कुप्या तिने कोरड्या फडक्यात गुंडाळून एका पितळी डबीत ठेवल्या, डबीभोवती तूस दाबला, त्याच्या भोवती बर्फ रचला आणि वर पुन्हा गोणपाट. गृहस्थांनी हात घालून पाहिले आणि ते आम्हाला टॅक्सी बघायला खाली उतरले.

तो परतीचा प्रवास मला अजूनही जागेपणी पडलेल्या स्वप्नासारखा आठवतो. वाटेत दोन्ही बाजूंना मिठागरे लागली. उन्हात पाण्याचे चौकोन आरशासारखे पडले होते, त्यांत ढग उलटे चालत होते आणि मिठाचे ढीग दुरून झोपलेल्या पांढऱ्या जनावरांसारखे दिसत होते. मांडीवरची पाटी मधूनमधून तिरकी करून वितळलेले पाणी चांगुणाबाई एका टमरेलात काढत होती आणि ते टमरेल माझ्या हातात होते.

“पानी साचलं का बर्फ पलतो,” एवढेच ती एकदा म्हणाली. मी खिडकीतून पाणी ओतले आणि टमरेल पुन्हा पुढे धरले. तोवर इतकी वर्षे लोक माझ्यासमोर हात जोडून उभे राहिलेले मी पाहिले होते. त्या दिवशी मला सांगितलेले काम एवढेच होते आणि ते नीट व्हावे असे मला कळवळून वाटत होते.

डॉक्टरबाईंनी डबी उघडली, कुपीला बोट लावले. “परफेक्ट,” त्या म्हणाल्या. औषध सुईवाटे सुरू झाले. आम्ही काचेबाहेर उभे राहिलो. काशिनाथ भिंतीकडे तोंड करून उभा होता. अर्ध्या तासाने आधी ओठांचा रंग बदलू लागला, पहाटे खाडीचे पाणी बदलते तसा, कुठून सुरू झाला ते कळू न देता. मग नखे. चांगुणाबाई म्हणाली, “काशा, मागं बग.”

“आता एक लक्षात ठेवा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “या औषधाने बाळं मध्येच श्वास घ्यायला विसरतात. सिस्टर आहेच, पण तिला बाकीच्या पेट्याही आहेत. तुमच्यापैकी एकाने सतत इथे बसायचं. छाती हलली नाही तर तळव्यावर टिचकी मारायची आणि सिस्टरला हाक द्यायची.”

आम्ही पाळ्या लावल्या. माझी पाळी आली तेव्हा मी हात धुऊन पेटीच्या गोल खिडकीतून बोट आत घातले. समोर छाती वरखाली होत होती, आणि मध्येच थांबली. मी तळव्यावर टिचकी मारली. मूल दचकले, चिडले, आणि श्वास घेतला. जणू ते कुठेतरी फार सुंदर जागी निघाले होते आणि मी त्याला बाहीला धरून मागे ओढले. त्या संध्याकाळी असे चारदा झाले.

निघताना मी डॉक्टरबाईंना विचारले, “औषध काल आलं असतं तर?”

“ते मला विचारू नका,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊक नाही. आणि ठाऊक असल्यासारखं मी बोलणार नाही.”

पाच दिवसांनी शस्त्रक्रिया झाली आणि मुलगी जगली. वर्षभराने घरच्यांच्या ध्यानात आले, की तिची डावी मूठ नीट उघडत नाही. त्या रात्री मेंदूला रक्तातून प्राणवायू कमी पोचला म्हणून असेल, मूळच्या दुखण्यामुळे असेल, शस्त्रक्रियेनंतरही असे होऊ शकते, असे डॉक्टरांचे म्हणणे. कोणीही निश्चित सांगत नाही. चांगुणाबाईने माझ्याविषयी कुठे तक्रार केली नाही. लेल्यांची नक्कल मी जाळली नाही. तिच्या कडेला लाल शाईने लिहिले : ‘आधी विचारणे.’

हा लेख मागितला गेला तेव्हा मी परवानगीसाठी कोलशेतला गेलो. चांगुणाबाई आता थकली आहे, दारात बसून सुकटीवर बसणारे कावळे हाकलत होती. मी येण्याचे कारण सांगितले.

“लिव,” ती म्हणाली. “पोरीचं नाव नको टाकू.”

“नाही टाकत.”

“आनि आदी तिला सांग.”

“तुम्ही सांगितलं नाहीत?”

“मी कशाला सांगू? चूक तुजी.”

“सात वर्षांची आहे ती.”

“मंग? हात तिचा हाय.”

मुलगी खाडीकडच्या बाजूला पालथ्या होडीवर बसली होती. डाव्या कोपराखाली जाळे दाबून धरून उजव्या हाताने त्यातला कचरा वेचत होती. मी शेजारी जाऊन बसलो. ओहोटीचे पाणी चिखलावरून मागे सरकत होते. मी पहिले वाक्य मनात तीनदा जुळवले, ते अर्जासारखे येत होते म्हणून टाकून दिले.

“तू तीन दिवसांची होतीस,” मी म्हणालो. “तुझी आजी मला बरोबर सांगत होती आणि मी तिचं ऐकलं नाही.”

तिने जाळ्यातून मान वर न काढता विचारले, “मंग?”